पॉवर टिलरचं स्टार्टिंग हँडल कॉम्प्रेशनला घसरतं: पिन बदलू की टोकच नवीन करून घेऊ?

खाजनकाठ:

टिलर १३ अश्वशक्तीचा. इंजिन डिझेल, आडवं, एका सिलिंडरचं, पाण्याने थंड होणारं, २४०० आरपीएमचं. सेल्फ नाही, हँडल मारूनच चालू करायचं. वायंगणाची (हिवाळी भाताची) नांगरणी तोंडावर आली आणि नेमकं आत्ताच हँडल घसरायला लागलंय. डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरमधला दाब सोडणारी) लिव्हर उचलून फिरवेपर्यंत काही नाही. लिव्हर सोडली, कॉम्प्रेशन आलं, की ‘खट्’ करून पिन सुटते आणि मूठ सरळ खाली जाते. दहा वेळा मारलं तर चार वेळा असं होतं.

हँडल काढून व्हर्निअर लावला. शाफ्ट मुळात २२ मिमीचा. पिनच्या पुढे जे नाक इंजिनात शिरतं ते ५० मिमी लांब, झिजून २१.२ झालंय. ज्या भोकात ते बसतं ते तोंडाशी २२.९, आत २२.३. शाफ्टमधून आरपार जाणारी आडवी पिन १० मिमीची, ३८ मिमी लांब. इंजिनाकडच्या नखीला (दाताला) टेकते तिथे दोन्ही टोकांना ८.६ उरलीय. पिनचं भोक अंडाकृती झालंय, एका बाजूने १०.२, दुसऱ्या बाजूने १०.९, त्यामुळे पिन हाताने हलते. इंजिनाकडच्या दोन नख्यांच्या कडा गोल झाल्यात. हाताचा दांडा शाफ्टला जिथे वेल्ड केलाय तिथे केसासारखी रेघ दिसते, ती भेग की रंग उडालाय ते कळत नाही. मुठीवरचा पाइप गंजून बसलाय, फिरत नाही.

गावातला वेल्डर म्हणतो, पिनवर रॉड मारून घासून देतो, अर्ध्या तासाचं काम. करून घेऊ का?

लेथ_आणि_शेपर:

मापं घेऊन आलात हे बरं केलंत. इथे बहुतेक जण ‘हँडल खराब झालंय, काय करू’ एवढंच लिहितात.

वेल्डरला थांबवा. पिनवर रॉड मारणं हे सगळ्यात वाईट. कारण इथले वेल्डिंगवाले सभासद ७०१८ सांगतीलच, मी लेथच्या बाजूचं सांगतो.

पिनला दोन कामं असतात. हँडल ओढताना नखीला ढकलायचं, आणि इंजिन पेटलं की स्वतःहून बाहेर यायचं. म्हणून नखीची एक बाजू उभी असते आणि दुसरी उतरती. ओढताना पिन उभ्या बाजूला टेकते. इंजिन धरलं की नखी हँडलच्या पुढे धावते, उतरती बाजू मागून येते आणि पिनला बाहेर सरकवते. तुमच्याकडे पिन चपटी झाली आणि नखीची कड गोल झाली, म्हणजे उभ्या बाजूलाही उतार तयार झाला. आता जोर लावला की तुमचाच जोर पिनला बाहेर ढकलतो.

पण ‘दहात चार वेळा’ का, प्रत्येक वेळी का नाही? त्याचं उत्तर नाकाच्या मापात आहे. तोंडाशी २२.९ च्या भोकात २१.२ चं नाक म्हणजे १.७ मिमी ढील, आत २२.३ मध्ये १.१. ५० मिमी लांबीवर एवढी ढील असेल तर शाफ्ट तिरका बसतो, आणि ३८ मिमी लांब पिनचं एक टोक दुसऱ्यापेक्षा साधारण १ मिमी कमी खोल जातं. सगळा भार एकाच नखीच्या कडेवर येतो. हात सरळ पडला तर धरतं, तिरका पडला तर सुटतं. नुसती पिन बदललीत तर महिना-दोन महिने चालेल, मग नवी पिनही एकाच बाजूने झिजेल.

नांगरणी अडलीय म्हणून चार दिवसांची सोय हवी असेल तर एक करा. पिन वेल्ड केलेली नसेल तर ठोकून काढा, ९० अंशात फिरवून परत घाला. झीज नखीकडच्या बाजूलाच असते, बाजूचा गोल अजून १० मिमीचा शाबूत असतो. ढिल्या भोकात ती हलणार, म्हणून दोन्हीकडे भोकाच्या काठावर तीन-तीन सेंटरपंच मारून काठ आत दाबा. हे तात्पुरतंच, पण फुकटात होतं.

पक्कं काम असं. पिनच्या मागे ४० मिमीवर शाफ्ट कापा. जुन्या शाफ्टच्या तोंडात १२ मिमी व्यासाचं, २० मिमी खोल भोक लेथवर पाडा. ईएन ८ (मध्यम कार्बनच्या पोलादा) चा २५ मिमी बार घ्या. त्याच्या एका टोकाला भोकात हाताने दाबून बसेल अशी १२ मिमीची शेंडी काढा, बाकी २२.८ ला आणून ठेवा. जोडाच्या दोन्ही कडांना ४५ अंशांची उतरण द्या म्हणजे वेल्डिंगला जागा होते. शेंडीमुळे जोड सरळ राहतो. नुसतं तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेला शाफ्ट हमखास वाकडा येतो.

वेल्ड होऊन पूर्ण थंड झाल्यावरच शेवटची टर्निंग आणि पिनचं भोक. आधी भोक पाडून मग वेल्ड केलंत तर भोक आणि दांडा एका रेषेत राहत नाहीत.

नाकाला सरसकट एकच व्यास देऊ नका. तुमचं भोक तोंडाशी घंटेसारखं मोठं झालंय. पुढचे ३५ मिमी २२.१ ठेवा, पिनजवळचे १५ मिमी २२.७. अशी पायरी दिली की तोंडाशी आणि आतही ०.२ मिमीच ढील राहते आणि इंजिनाकडचा भाग उघडावा लागत नाही. ०.२ पेक्षा कमी करू नका, चिखलाची बारीक कणी गेली तरी हँडल अडकेल. आणि अडकणारं हँडल घसरणाऱ्या हँडलपेक्षा कितीतरी वाईट.

पिनसाठी १२.९ ग्रेडचा एम १० अॅलन बोल्ट आणा, ८० मिमी लांबीचा. लांबी नीट बघून घ्या. या बोल्टांना ३२ मिमी आट्या असतात, ६० चा आणलात तर साधा भाग पुरत नाही. ८० च्यात चाळीसच्या वर मिळतो, त्यातून ३८ चा तुकडा निघतो. हे पोलाद मुळातच ३९ ते ४४ रॉकवेल सी (कडकपणाचं माप) कडक असतं, वेगळं पाणी द्यावं लागत नाही. कापताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवा. निळा पडला म्हणजे तिथला कडकपणा गेला.

बोल्टचा साधा भाग बरोबर १० भरत नाही, ९.८ ते १० च्या मध्ये कुठेही असतो. आधी बोल्ट मोजा, मग भोक ठरवा. ९.५ ने ड्रिल करून अॅडजस्टेबल रीमरने बोल्टपेक्षा ०.०२ कमी मापाला आणा, आणि पिन हलक्या हातोडीने बसवा. ड्रिल करताना शाफ्ट व्ही-ब्लॉकवर धरा. भोक मध्यापासून अर्धा मिमी जरी सरकलं तरी एक टोक लांब, एक आखूड होतं.

डॉवेल पिन तयार मिळते म्हणून ती घालू नका. ती साठच्या आसपास कडक असते, रोजच्या दणक्याने मधोमध चिरते.

एक माप विसरू नका. पिन नाकाच्या टोकापासून आता जेवढ्या अंतरावर आहे, नव्यावरही तेवढ्याच अंतरावर. नाक लांब झालं तर ते आत तळाला टेकतं आणि पिन नखीत पूर्ण उतरत नाही. बाहेरून सगळं ठीक दिसतं आणि हँडल आधीसारखंच घसरतं.

कुळागर:

एवढा खटाटोप कशाला? बाजारात नवीन हँडल मिळतं. घ्या आणि कामाला लागा.

लेथ_आणि_शेपर:

मिळतं, आणि चांगलं मिळालं तर घ्यावंही. पण दुकानात तीन गोष्टी बघून घ्या. पिनवर छोटी कानस फिरवा. कानस जेमतेम चावली तर पिन कडक, सहज चावली तर मऊ लोखंड, एका हंगामात चपटं होणार. दुसरं, पिन नुसती दोन बाजूंनी वेल्डचे ठिपके देऊन चिकटवलीय का. तिसरं, नाकाचं माप. नवीन नाक २२ चं असेल तर खाजनकाठ यांच्या २२.९ च्या तोंडात ०.९ ढील पहिल्या दिवसापासूनच आहे. इंजिनाकडचं भोक झिजलेलं असताना नवीन हँडल हा अर्धाच उपाय.

७०१८:

वेल्डिंगचं सांगतो.

पिनवर रॉड का मारू नये? गावात सगळीकडे ६०१३ रॉड असतो. त्याचा भरलेला धातू मऊ असतो, नखीसमोर आठ-पंधरा दिवसांत चेपतो. वर त्या उष्णतेने पिनचा मूळ कडकपणाही जातो. पण खरी भानगड पिनच्या बुडाशी होते. रॉड मारला की पिन आणि शाफ्टच्या कोपऱ्यात गोलाई भरते. कितीही घासा, आत ग्राइंडरचं चाक पोचत नाही. नखीची कड त्या गोलाईवर चढते, पिन खोल उतरत नाही. म्हणजे ज्या दुखण्यासाठी वेल्ड केलं तेच दुखणं कायमचं होतं. काही वेळा उलटं होतं. भर खडबडीत राहते, नखीत अडकते, इंजिन चालू झाल्यावर हँडल सुटत नाही आणि इंजिनासोबत गरगर फिरतं. तेव्हा जवळ जाऊ नका, हात तर अजिबात घालू नका. मागून जाऊन अॅक्सिलरेटर बंदवर आणा आणि इंजिन पूर्ण थांबू द्या.

आता शाफ्टच्या जोडाचं. ईएन ८ मध्ये कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास असतो. थंड लोखंडावर वेल्ड केलं तर वेल्डच्या कडेला कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि भेग तिथूनच सुरू होते. म्हणून दोन्ही तुकडे आधी १५० ते २०० अंशांपर्यंत तापवा. तापमानाची खडू-कांडी नसेल तर इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची ६०/४० सोल्डरची तार घ्या. ती १८३ ते १९० अंशांत वितळते. लोखंडाला टेकवल्यावर पाणी झाली की सुरू करा. ज्वाला तिथून बाजूला करून मग टेकवा, नाहीतर तार ज्वालेनेच वितळते आणि फसवते.

रॉड ई ७०१८. तळाचा पहिला फेरा २.५ मिमीने, वरचे ३.१५ ने, डीसीवर, होल्डर पॉझिटिव्हला, ३.१५ ला १०० ते १४० अँपिअर. शाफ्ट फिरवत समोरासमोर थोडं थोडं भरा. एका बाजूला पूर्ण भरून मग दुसऱ्या बाजूला गेलात तर शाफ्ट पहिल्या बाजूकडे ओढला जातो.

आणि रॉड कोरडा हवा. आपल्याकडे उघड्या पाकिटातला ७०१८ पावसाळाभर ओल पीत बसलेला असतो. ती ओल वेल्डमध्ये हायड्रोजन सोडते, आणि भेग त्याच दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी येते. ३०० ते ३५० अंशांना तास-दोन तास भाजून मगच वापरा. रॉडचा ओव्हन गावातल्या वेल्डरकडे नसतो. गोव्यात डिचोली, साखळी, उसगावकडे खाणीच्या टिपरांची आणि बकेटची कामं केलेली वर्कशॉपं आहेत. २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर काम कमी झालं, पण ओव्हन आणि हार्डफेसिंगचे (झिजलेल्या जागी कडक थर भरायचे) रॉड अशाच ठिकाणी सापडतात. विचारून जा.

वेल्ड झाल्यावर तुकडा कोरड्या राखेत किंवा चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवा, सकाळी काढा. पाणी ओतायचं नाही.

दांड्याच्या भेगेबद्दल. रंग खरवडा, रॉकेल लावून दहा मिनिटं थांबा, फडक्याने कोरडं पुसा, वर पांढऱ्या खडूची पूड चोळा. दांड्यावर हातोडीने दोनदा हलकं ठोका. भेग असेल तर आतलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. रेघ उमटली तर नुसती वरून भर घालू नका. ग्राइंडरने भेगेचा तळ लागेपर्यंत व्ही खणा, परत रॉकेल-खडू करा, रेघ दिसेनाशी झाली की मगच भरा. शेवटी वेल्डचा काठ घासून गुळगुळीत करा. उंचवटा जिथे अचानक संपतो तिथूनच पुढची भेग फुटते. मजबुतीसाठी कोपऱ्यात त्रिकोणी पट्टी ठोकायचा मोह आवरा, दोन वर्षांनी पट्टीच्या टोकाशी भेग सापडते.

खाजनकाठ:

रॉकेल-खडू केला. ओली रेघ आली, दांड्याच्या आतल्या बाजूला साधारण १२ मिमी लांब. म्हणजे भेगच.

आता इंजिनाकडच्या नख्यांचं सांगा. कड साधारण ३ मिमी गोल झालीय. नखीची उंची ९ मिमी, त्यातला ६ अजून सरळ आहे. स्टार्टिंग शाफ्ट काढायचा तर साइड कव्हर उघडावं लागेल आणि ते आत्ता नको आहे.

टिलर_फिटर:

६ मिमी सरळ बाजू आहे तर कव्हर उघडू नका. दोन्ही नख्यांची ओढणारी बाजू हातग्राइंडरने, बारीक चाकाने, सारखी घासून परत उभी करा. १ मिमीपेक्षा जास्त काढू नका. अगदी काटकोनात ठेवण्यापेक्षा आतल्या बाजूला दोन-तीन अंश खाली घ्या, म्हणजे बुडाशी नखी किंचित कोरलेली. मग ओढताना पिन आत खेचली जाते, बाहेर येत नाही. दोन-तीनच, दहा नाही. पिन हुकासारखी अडकली तर सुटताना त्रास देईल.

उतरत्या बाजूला चाक लावायचं नाही. तिथे फक्त पॉलिश पेपर. ती बाजू गुळगुळीत असली तरच हँडल सुटतं.

घासण्याआधी भोकात ग्रीस लावलेलं फडकं कोंबा आणि शाफ्टभोवतीच्या ऑइल सीलवर ग्रीसचा जाड थर द्या. ग्राइंडरची भुकटी सीलच्या ओठाखाली गेली की पंधरा दिवसांत तिथून तेल ठिबकायला लागतं. काम झालं की ग्रीससकट सगळं पुसून काढा.

दोन्ही नख्या सारख्या झाल्या का ते डोळ्याला कळत नाही. नवीन पिनला दोन्हीकडे मार्किंग ब्लू लावा. नसेल तर निरांजनाची काजळी खोबरेल तेलात कालवून लावा, तेवढीच चालते. डिकॉम्प्रेशन उचला, डिझेल बंद ठेवा, हँडल घालून पाव फेरा द्या आणि काढा. दोन्ही नख्यांवर सारखी पट्टी उमटली पाहिजे. एकीवरच उमटली तर तीच जास्त उंच आहे, तिथे कानशीचे दोन हात मारा आणि परत बघा. चार-पाच वेळा करावं लागतं, कंटाळू नका.

नख्या ४-५ मिमीच सरळ उरल्या असत्या तर शाफ्ट काढून भरावाच लागला असता. तेव्हाही ३५० ब्रिनेलच्या (हेही कडकपणाचं माप) आसपासचा हार्डफेसिंग रॉड घ्यायचा, ६०० वाला नाही, त्याच्या कपच्या उडतात. आणि कुणीही इंजिनावर आहे तसाच शाफ्ट ठेवून वेल्ड मारायला निघालं तर हात धरा. अर्थिंगचा चिमटा चेसीला लावलेला असतो आणि करंट बेअरिंगमधून जातो. गोळ्यांवर ठिणग्यांचे डाग पडतात आणि मग बेअरिंग ओरडायला लागतं.

७०१८:

बेअरिंगच्या मुद्द्याला दुजोरा. चिमटा त्याच तुकड्याला लावला तर धोका कमी होतो, पण नखीसाठी शाफ्ट काढणंच बरं.

खाजनकाठ:

मूठ राहिली. आणि एक विचारतो. दांडा आता १९० मिमी आहे. नवीन करतोच आहे तर २५० करून घेऊ का? जोर कमी लागेल.

लेथ_आणि_शेपर:

दांडा वाढवू नका. २५० केला तर जोर जवळपास पाव भागाने कमी लागेल हे खरं, पण हाताला फिरायचा गोल जवळपास एक तृतीयांशाने मोठा होतो आणि हात तेवढ्या झटपट फिरत नाही. डिझेल इंजिन पेटतं ते फिरण्याच्या वेगावर. हवा झटकन दाबली गेली तरच ती डिझेल पेटण्याइतकी तापते, सावकाश दाबली तर उष्णता सिलिंडरच्या भिंतींना जाते आणि फटीतून हवाही निसटते. त्यात लांब दांड्याची मूठ खालच्या बाजूला चाकाला किंवा बांधाला लागायची शक्यता. आणि हँडल उलटं मारलं तर लांब दांड्याचं टोक जास्त वेगाने येतं.

मुठीसाठी २० मिमीचा ब्राइट रॉड आणि वर पाऊण इंची जीआय पाइपचा १२५ मिमी तुकडा. मीडियम पाइप आतून साधारण २१.७ भरतो, सहज फिरतो. रॉडच्या टोकाला वॉशर वेल्ड करताना पाइपला दीड मिमी पुढेमागे ढील ठेवा. ढील नाही ठेवली तर वेल्डच्या तापाने ओढून पाइप जाम होतो. वेल्ड करायच्या जागेजवळचं जस्त आधी घासून काढा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो.

मूठ फिरणं ही चैन नाही. पाइप जाम असेल तर प्रत्येक फेऱ्याला रॉड तळव्यात घासतो, म्हणून माणूस घट्ट आवळून धरतो. आवळलेली मूठ झटक्याच्या वेळी सुटत नाही.

टिलर_फिटर:

लेथवाल्यांनी झटक्याचं काढलं म्हणून ते पूर्ण करतो.

पुढच्या दिशेला इंजिन पळालं तर उतार पिनला बाहेर काढतो, हे वर आलंच. पण पिस्टन वर पोचायच्या आधीच डिझेल पेटलं आणि हाताचा वेग अपुरा असला तर इंजिन उलट्या दिशेला फेकलं जातं. उलट्या दिशेला नखीची उभी बाजू पिनवर येते. तिकडे उतार नाही, सुटका नाही, सगळा झटका दांड्यातून हातावर. म्हणून अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीभोवती गुंडाळायचा नाही. नवीन केलेल्या, घट्ट धरणाऱ्या हँडलला हे जास्त लागू. घसरणारं हँडल झटक्यालाही घसरायचं, हे घसरणार नाही.

वारंवार उलटा झटका येत असेल तर दोष हँडलचा नाही. फ्यूएल पंपाचं टायमिंग आधी तपासून घ्या, पंपाखालचा शिम (पातळ पत्र्याची चकती) बदललाय का ते विचारा. तसं काही नसेल तर मारण्याची पद्धत बघा. डिकॉम्प्रेशन उचलून पाच-सहा फेरे द्या, वेग वाढवत न्या, नोझल ‘कर्र’ वाजतोय ते ऐका. वेग टिपेला आला की लिव्हर सोडा आणि तोच फेरा अर्धवट न सोडता पुढे ओढा. लिव्हर सोडल्यावर हात थबकला की झटका आलाच.

आणि मुळात पिन एवढी झिजली का? गरम इंजिन तीन-चार फेऱ्यांत धरायला हवं. वीस-वीस फेरे मारावे लागत असतील तर पिन झिजणारच. डिझेलच्या नळीत हवा आहे का, नोझल टपकतोय का, एअर क्लीनरमध्ये चिखल बसलाय का, एवढं बघा. डिकॉम्प्रेशनची लिव्हर पूर्ण खाली येते का तेही. ती अर्धवट अडकली तर कॉम्प्रेशन मिळत नाही, आणि माणूस समजतो इंजिन थकलं.

कुळागर:

खाजनात (खाडीकाठच्या खाऱ्या शेतात) चालवता म्हणजे खारा चिखल. नाकाला ग्रीस लावता का?

खाजनकाठ:

हो, भरपूर.

कुळागर:

तिथेच चुकतंय. ग्रीसमध्ये रेती चिकटते आणि ती कानशीसारखी घासते. तुमचं २१.२ त्यातूनच झालं असणार. रोज काम संपल्यावर नाक आणि इंजिनाचं भोक गोड्या पाण्याने धुवा, फडक्याने पुसा, इंजिन ऑइलचं एक बोट फिरवा. मानशीच्या (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दाराच्या) पाण्यात धुऊ नका, तेही खारंच. आणि हँडल टिलरवर लटकवून ठेवू नका, नांगरताना ते हादऱ्याने आपटत राहतं. पिन वर करून पोत्यात गुंडाळा आणि घरी न्या.

खाजनकाठ:

जोड आणि भेग आज उसगावला करून घेतली, उद्या राखेतून काढून लेथला देतोय. एक शंका: तपासणीला पहिल्यांदा हँडल घालून थेट इंजिन चालू करू की आधी काही?

टिलर_फिटर:

थेट नको. आधी डिझेल बंद, डिकॉम्प्रेशन वर, वीस फेरे. नंतर हँडल पाव फेरा उलटं फिरवून बघा, बोटांच्या जोरावर उतारावरून सरकून बाहेर यायला हवं. दोन्ही नख्यांवर, म्हणजे अर्धा फेरा फिरवून परत एकदा. कुठे अडलं तर पिनची टोकं बघा, कापताना राहिलेली धार नखीच्या बुडाशी खुपत असते. टोकांना अर्धा मिमी गोलाई द्या. हे जमलं की डिकॉम्प्रेशन खाली आणि डिझेल अजून बंदच, दोन-तीनदा कॉम्प्रेशनवरून ओढा. पिन धरून राहिली आणि ‘खट्’ झालं नाही, की मग डिझेल सोडा.

पहिल्या दिवसाच्या शेवटी भोकाचा काठ बघा. पिनभोवती लालसर पूड दिसली तर पिन आत हलतेय. रीमर मोठा गेला असं समजा आणि लेथवर परत न्या.